बारा तास चाळीस मिनिटं

१८ जुलै २००९, शनिवार. रक्कम आठशे बारा कॅनेडियन डॉलर. हजर: मी, माझा मेहुणा आणि तिकिटं विकणाऱ्या एक गुजराती बाई. टोरांटोच्या एका उपनगरात किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तिथे मी दुबईचं एकेरी तिकीट काढलं.

थेट विमान तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस असे. बाईंनी मंगळवार, १८ ऑगस्ट सुचवला. मला गुरुवार, २० ऑगस्ट हवा होता.

"काका, मंगल को ले लो ना," त्या म्हणाल्या. "भाडा तो सेम है."

मेहुण्याने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. त्यावर मी हिशेब मांडला होता. गुरुवारी रात्री नऊ चाळीसला सुटणार. अंतर अकरा हजार ऐंशी किलोमीटर, वेळ बारा तास चाळीस मिनिटं, घड्याळातला फरक आठ तास. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहा वीसला दुबई. मध्यरात्रीपर्यंत पाच तास चाळीस मिनिटं हातात.

"दाजी, एसटीला जातानाही आपण तासभर जास्तीचा धरतो," तो म्हणाला. "तुम्ही अर्धी पृथ्वी ओलांडायला पाच तास धरलेत."

"पाच तास चाळीस मिनिटं."

"हां, ती चाळीस मिनिटं राहिलीच."

बाई हसल्या आणि त्यांनी गुरुवारचं तिकीट छापलं.

ती मध्यरात्र कसली होती, ते सांगतो. शारजातल्या एका बांधकाम कंपनीत मी अकरा वर्षं क्वांटिटी सर्व्हेयर होतो. नकाशे बघून इमारतीला काँक्रीट किती, सळई किती, टाइल्स किती हे मोजायचं, हे माझं काम. अल नहदात सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट होता. बायको, मी आणि मुलगा. २००८ च्या दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर नकाशांची गुंडाळी ठेवायला जागा नव्हती. जानेवारीत नवा नकाशा येणं बंद झालं. फेब्रुवारीत साहेबांनी आम्हा चौदा जणांना एकेक करून आत बोलावलं आणि दोन कागद पुढे ठेवले. एक नोटीस, दुसरा सहा महिने बिनपगारी रजा. नोटीस घेतली तर व्हिसा रद्द. रजा घेतली तर व्हिसा चालू, आणि काम आलं तर बोलावू. बायकोचा आणि मुलाचा व्हिसा माझ्याच व्हिसावर होता. मुलगा एप्रिलमध्ये दहावीत जाणार होता. मी रजेच्या कागदावर सही केली.

या रजेला एक अट होती, ती कंपनीची नव्हे, देशाची. तिथला रहिवासी व्हिसा असलेला माणूस सलग एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला की त्याचा व्हिसा आपोआप संपतो. मी २२ फेब्रुवारीला निघालो. रजेच्या पत्रात 'सहा महिने' लिहिलं होतं, म्हणजे २२ ऑगस्ट. पण दिवस मोजले तर २२ ऑगस्ट हा एकशे एक्याऐंशीवा दिवस येतो. पत्र आणि नियम यांत एका दिवसाची तफावत होती. माझ्याबरोबर रजेवर गेलेल्या बाकीच्यांना ती दिसली नव्हती. मी सगळ्यांना फोन करून सांगितली. निघाल्याचा दिवस धरायचा की नाही, हेही मी आमच्या कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला, विचारून घेतलं. तो हैदराबादचा होता. "जिस दिन गया वो नहीं गिनते साब," तो म्हणाला. तेव्हा माझी शेवटची तारीख २१ ऑगस्ट.

कॅनडाच का, तर आमच्याकडे तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड होतं. आखातात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी ते अडीअडचणीसाठी म्हणून काढून ठेवलं होतं. लागेल असं कोणालाच वाटत नव्हतं. आम्ही तिघांची कार्डं केली, एकदा दहा दिवस जाऊन मेहुण्याकडे राहिलो, नायगारा बघितला आणि परत आलो. आता ठरलं ते असं: मी एकट्याने जाऊन सहा महिन्यांत नोकरी शोधायची. मिळाली तर मुलाची दहावी झाल्यावर दोघांना तिकडे बोलवायचं. नाही मिळाली तर एकशे ऐंशी दिवसांच्या आत परत यायचं. परीक्षा मार्चमध्ये होती आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी शाळा सप्टेंबरअखेर बोर्डाकडे पाठवत असे. काहीही करून तोपर्यंत तरी व्हिसा टिकायला हवा होता. यादीत नाव गेलं की पुढचं पुढे बघता आलं असतं.

पाच महिन्यांत मी एकशे सतरा अर्ज केले. उत्तरं नऊ आली. पोटापुरतं टाइल्सच्या एका गोदामात माल मोजायचं काम मिळालं होतं. जुलैत एका चांगल्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं, कामाचा अंदाज काढणाऱ्याच्या जागेसाठी. तिथले मॅनेजर सुट्टीवर होते, ते १७ ऑगस्टला येणार. मुलाखत बुधवारी, १९ तारखेला. म्हणून मला मंगळवारचं विमान चालत नव्हतं.

मुलाखत पस्तीस मिनिटं चालली. त्यांनी एक नकाशा पुढे ठेवला आणि विटांची संख्या विचारली. मी कागदावर काढून दिली. मॅनेजरनी ती त्यांच्या आकड्याशी ताडून बघितली आणि मान हलवली. मग म्हणाले की काम तुम्हाला येतं, पण इथला अनुभव नाही. इथला अनुभव इथे नोकरी केल्याशिवाय कसा येणार, हे मी विचारलं नाही. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दारापर्यंत सोडलं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला मेहुण्याच्या घरून निघालो. विमानात बसलो. नऊ चाळीस झाले, दहा वाजले, साडेदहा झाले. मग सांगण्यात आलं की एका इंजिनाच्या तपासणीत काही आढळलं आहे. साडेअकराला आम्हाला उतरवलं आणि बसने एका हॉटेलात नेलं. सकाळी सांगू, म्हणाले.

त्या वेळीही मी हिशेब करत होतो, हे खरं आहे. दुबईत मध्यरात्रीच्या आत उतरायचं तर विमान पहाटे तीन वीसच्या आत सुटायला हवं होतं. हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर बसून मी तीन वीस वाजलेले पाहिले आणि मग चपला काढल्या.

विमान सुटलं शुक्रवारी सकाळी साडेअकराला. बारा तास चाळीस मिनिटं घेतली, एकही मिनिट जास्त नाही. समोरच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह सरकत होतं, खाली उरलेलं अंतर किलोमीटरमध्ये दिसत होतं. शेजारी एक पंजाबी म्हातारा होता. "आप तो पिक्चर भी नहीं देखते," तो म्हणाला. "रास्ता ही देखते हो."

शनिवारी, २२ ऑगस्टला सकाळी आठ दहाला उतरलो. तो रमजानचा पहिला दिवस होता. ते वर्ष साथीच्या तापाचं, त्यामुळे कॅमेरा लावून येणाऱ्यांचा ताप बघत होते. मला ताप नव्हता. पासपोर्टच्या रांगेत माझ्यापुढे तेवीस माणसं होती. खिडकीतला अधिकारी विशीतला असेल. त्याने पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा ठेवला.

"सिक्स मंथ?" त्याने विचारलं.

मी त्याला पत्र दाखवलं. २२ ऑगस्ट ही तारीख दाखवली. विमान कंपनीने उशिराबद्दल दिलेला कागद दाखवला. त्याने दोन्ही नीट वाचले, घाई केली नाही.

"अंकल, कॉम्प्युटर इज क्लोज्ड," तो म्हणाला. "नॉट मी. कॉम्प्युटर."

मग एका बाजूच्या खोलीत नेलं. तिथल्या वरिष्ठाने सांगितलं की कंपनीने पत्र दिलं तर प्रवेशाची खास परवानगी मागता येते. पण आज शनिवार, कचेऱ्या बंद. उद्या उघडतील. तोपर्यंत आत थांबा.

आत म्हणजे विमानं बदलणाऱ्यांच्या दालनात. बायको आणि मुलगा बाहेर येऊन उभे होते. आमच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक मुसलमान गृहस्थ राहत, त्यांचं दुबईच्या देरा भागात मसाल्याचं दुकान होतं. त्यांनी दोघांना आपल्या गाडीतून आणलं होतं. हॉटेलातून मला फोन करता आला नव्हता, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळीही आणलं होतं. त्यांचा रोजा होता.

मी फोन केला.

"सामान येतंय का?" बायकोने विचारलं.

"सामान येईल. मी नाही."

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "किती तासांनी चुकलं?"

"आठ तास दहा मिनिटं."

"आठ तासांसाठी?"

"पाच मिनिटं असती तरी तेच झालं असतं."

"तुम्ही मंगळवारी का नाही निघालात, हे मी आता विचारत नाही," ती म्हणाली. पण ते तिने विचारलंच होतं, आणि बरोबरच होतं.

फोन मुलाने घेतला. "बाबा, सो आर वी इल्लीगल नाऊ?"

"नाही. तुम्हाला तीस दिवस मिळतात."

"अँड देन? माय बोर्ड्स?"

"उद्या कचेरी उघडू दे."

"यू सेड यू हॅड अ मार्जिन."

शेजाऱ्यांनी फोन हातात घेतला. "भाऊ, वहिनींची आणि मुलाची काळजी करू नका. आम्ही आहोत. तुम्ही आत काय खाल्लंत का?"

त्या दिवशी पाणीही न प्यायलेला माणूस मला हे विचारत होता. मी खाल्लं म्हणून सांगितलं.

विमानतळापासून आमचं घर नऊ किलोमीटर. दालनातल्या काचेतून शारजाच्या दिशेच्या इमारती दिसत, पण धुळीमुळे कुठली आपली ते कळत नव्हतं. दालन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझ्या पावलांनी सहाशे चाळीस भरलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मोजलं. दुपारी कंपनीतल्या मंदूबचा फोन लागला. "साब, एक दिन!" तो म्हणाला. "मैंने बोला था ना इक्कीस." मग म्हणाला, "लेटर मिला तो मैं करा देता हूँ. बड़े साब से आप ही बात करो."

रविवारी सकाळी मी साहेबांना फोन लावला. ते केरळचे, इंजिनियर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही अकरा वर्षं एकाच मजल्यावर काम केलं होतं. मी त्यांना दोन ओळींचं पत्र मागितलं, कंपनीला या माणसाची गरज आहे इतकंच लिहिलेलं.

ते हिंदीत बोलले. "गरज नाही हो आपल्याला," असा त्याचा अर्थ. चौदा रजेवाल्यांपैकी अकरा जणांना ते ऑक्टोबरमध्ये नोटीस देणार होते. "तुम अंदर होते तो तुमको भी देता. अब लेटर लिखूँ और दो महीने बाद कैन्सल करूँ? खलास, भाई. सिस्टमने कर दिया, मेरे हाथ से नहीं हुआ, मेरे को तो अच्छा ही लगा."

हे ते वाईट हेतूने बोलले नाहीत. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "मुझे दो महीने ही चाहिए. बच्चे का नाम जाने तक." त्यांनी मुलाची कितवी विचारली, दहावी म्हटल्यावर बघतो म्हणाले. बारा वाजता फोन केला तेव्हा मीटिंगमध्ये होते. दोन वाजता रमजानमुळे ऑफिस सुटलं होतं.

त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. बायकोने बर दुबईतून एक वीतभर मूर्ती आणून ठेवली होती. मी पोचेन म्हणून पूजा थांबवली होती. साडेअकराला मुलाचा फोन आला.

"बाबा, आई सेज आय हॅव टु डू इट. वॉट कम्स फर्स्ट?"

मी त्याला सांगत गेलो. आधी दिवा. मग आचमन. मग प्राणप्रतिष्ठा, मूर्तीच्या हृदयाला बोट लावायचं. पुस्तकाचं कितवं पान ते मला पाठ होतं. तो संस्कृत अडखळत वाचत होता, मी दालनातल्या खुर्चीवर बसून त्याच्यामागे हळू म्हणत होतो. समोरच्या रांगेत एक आफ्रिकन बाई मूल घेऊन बसली होती. मी आजारी आहे असं वाटून तिने मला पाण्याची बाटली आणून दिली. आरतीच्या वेळी बायकोचा आवाज ऐकू आला, मुलाचा नाही. फोन टेबलावर ठेवलेला असावा. आरती संपेपर्यंत मी तो कानाशी धरून ठेवला.

चार वाजता पुन्हा वरिष्ठांकडे गेलो. पत्र आलं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग कुठे जायचं, टोरांटो की मुंबई? टोरांटोला पुढचं विमान मंगळवारी होतं. मी मुंबई म्हणालो. दालनातल्याच तिकीट खिडकीवर सातशे दहा दिरहम भरले, सवा नऊ हजार रुपयांच्या आसपास. मेहुण्याचं घर सोडल्यापासून मुंबईच्या विमानतळावर पाय ठेवेपर्यंत बहात्तर तास झाले होते. त्यातले विमान हवेत असल्याचे सोळासुद्धा भरत नाहीत.

बायकोला आवराआवरीला तीस दिवस मिळाले. अकरा वर्षांचं घर तिने एकटीने मोडलं. तेव्हा अल नहदातल्या प्रत्येक इमारतीच्या लिफ्टमध्ये घरसामान विक्रीचे कागद चिकटवलेले असत, फोन नंबरच्या पट्ट्या कापून खाली लोंबकळत ठेवलेल्या. विकणारेच जास्त, घेणारे कुठून येणार? फ्रीज तीनशे दिरहमला गेला. "म्हणजे चार हजार," ती फोनवर म्हणाली. "घेणारा म्हणत होता, अडीचशे. मी म्हटलं, भाऊ, आत बर्फ तरी बघा." कपाटं कोणी घेतली नाहीत. ती शेजाऱ्यांनी त्यांच्या गोदामात नेली. रोज इफ्तारनंतर त्यांच्या घरून या दोघांसाठी जेवण येत होतं.

शाळेला बायकोने विनंती केली की यादीत नाव तेवढं घाला, परीक्षेला मुलगा येईल. मुख्याध्यापिकांनी फाइल काढून दाखवली. प्रत्येक मुलाच्या अर्जासोबत चालू व्हिसाची प्रत लागत होती. मुलाचा व्हिसा वीस सप्टेंबरला संपणार होता, यादी तीसला जाणार होती. दहा दिवस. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मात्र त्याच दिवशी दिला, एरवी त्याला आठवडा लागतो.

मुंबईहून मी पुण्याला, आमच्या गावी आलो आणि आठ शाळा फिरलो. दहावीला वर्षाच्या मध्ये घ्यायला कोणी तयार नव्हतं. तीन ठिकाणी वडिलांची बदली झाल्याचं पत्र मागितलं. माझी बदली झाली नव्हती आणि खोटं पत्र मी करून घेतलं नाही. एका ओळखीच्या माणसाने ते दीड हजारात करून देतो म्हटलं होतं. त्या पत्राचा विचार मी पुढे अनेकदा केला आहे. दोन महिन्यांचं खरं पत्र मला मिळालं नाही, आणि खोटं मी घेतलं नाही, आणि दोन्ही वेळा किंमत मुलाने दिली.

मुलगा त्या हिवाळ्यात घरीच होता. मार्चमध्ये त्याच्या जुन्या वर्गातली मुलं परीक्षा देत होती तेव्हा तो ती परीक्षा कुठल्या दिवशी कुठल्या विषयाची आहे ते बघत असे. एकदा मी त्याला म्हटलं की माझं चुकलं, मंगळवारी निघायला हवं होतं.

"इंटरव्ह्यू होता ना," तो मराठीत म्हणाला. "मी पण थांबलो असतो." मग पुन्हा इंग्रजीत, "बट आय वुड हॅव टेकन अ कनेक्टिंग फ्लाइट द सेम नाइट."

मधे कुठे बदलून जाणारं विमान माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. बायको म्हणते की साहेबांनी ऑक्टोबरमध्ये काढलंच असतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पण ऑक्टोबर म्हणजे ३० सप्टेंबरच्या नंतर. हे मी तिला सांगत नाही. कॅनडाच्या कार्डालाही दिवस मोजावे लागतात, पाच वर्षांत सातशे तीस. माझे एकशे नव्वद भरले होते. ते मी संपू दिलं.

पुढच्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका शाळेने मुलाला दहावीला घेतलं, त्याच्याहून वर्षाने लहान मुलांच्या वर्गात. ५ एप्रिल २०१०, सोमवार. प्रवेश, वर्षाची फी आणि परीक्षेचा अर्ज मिळून एकोणीस हजार सहाशे रुपये. पैसे मी मोजून मुलाच्या हातात दिले आणि त्याने ते खिडकीतल्या कारकून बाईंकडे भरले.